सॉल्टवॉटर टँक लावताय? पंप सगळ्यात शेवटी घ्या, आधी पाण्याचा हिशोब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात फ्लॅट, ४८ × १८ × २० इंचाचा टँक बनवायला द्यायचाय, क्लाऊन माशांची जोडी आणि अजून चार-पाच मासे, कोरल सध्या नको, आणि दुकानदार म्हणतोय सम्पच्या (टँकखाली कॅबिनेटमध्ये ठेवायची दुसरी टाकी) भानगडीत पडू नका, मोठा कॅनिस्टर (बंद डब्याचा बाहेरचा फिल्टर) लावा, तासाला ५००० लिटरचा पंप घ्या, झालं काम. म्हणून तुम्ही विचारताय की सम्प लागतोच का, पंप केवढा, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कुठला आणि लाईट गेली तर काय. मी उलटीकडून सुरू करतो, कारण लाईट गेल्यावर पाणी कुठे जाणार हे एकदा कागदावर बसलं की बाकीची बरीच उत्तरं त्यातूनच निघतात.

आधी कॅनिस्टरचं संपवून टाकू. कॅनिस्टरवर मरीन चालतच नाही असं नाही, चालवतात लोक, पण गोड्या पाण्यात जसं फिल्टर म्हणजे बॅक्टेरियाचं घर असं धरतो तसं इथे नसतं, इथे ते काम मुख्यतः सच्छिद्र खडक करतो. १५-२० किलो चांगला पोकळ खडक टाकला की अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट हे काम तिथेच होतं. मग कॅनिस्टर उरतो फक्त घाण अडकवायला, आणि अडकलेली घाण त्या बंद डब्यात कुजत बसते, नायट्रेट चढत जातं, आणि दर आठवड्याला तो उघडून धुवायला दोन महिन्यांनी कोणालाही कंटाळा येतो. वर लाईट तीन-चार तास गेली की आतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, बॅक्टेरिया मरायला लागतात, आणि लाईट आल्यावर तेच पाणी थेट माशांच्या अंगावर. स्किमर, हीटर, एटीओ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) हे सगळं ठेवायला जागा नाही ती वेगळीच. ४ फुटाला सम्प करा, स्पष्ट सांगतो. २ फुटाचा छोटा टँक असता तर मीच म्हटलं असतं की हँग-ऑन स्किमर लावा आणि सुखी राहा.

आता हिशोब. ४८ × १८ × २० म्हणजे १७,२८० घन इंच, साधारण ६१ घन इंचाला १ लिटर, म्हणजे काठोकाठ २८३ लिटर (काचेची जाडी मी सोडून दिलीय). वरचा दीड इंच रिकामा, खाली इंचभर वाळू, खडकाने हटवलेलं पाणी, हे सगळं वजा केलं की हातात खरं पाणी २३५-२४० लिटरच राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा, की या टँकमधलं १ इंच पाणी म्हणजे १४ लिटर. हा आकडा स्टँडच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, खरंच.

सम्प ३६ × १५ × १६ इंचाचा धरू, ४ फुटाच्या कॅबिनेटमध्ये आरामात बसतो. चालू असताना त्यात ९ इंच पाणी ठेवायचं, म्हणजे ८० लिटरच्या आसपास. वरचे ७ इंच रिकामे, म्हणजे साधारण ६२ लिटरची जागा. लाईट गेली, पंप बंद पडला, की दोन गोष्टी होतात. एक, ओव्हरफ्लोच्या (टँकमधलं वरचं पाणी सम्पमध्ये सोडणारा बॉक्स) दातांच्या खालपर्यंतचं पाणी खाली उतरतं. दोन, रिटर्नचा, म्हणजे सम्पमधलं पाणी परत वर नेणारा पाईप उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड पाण्यात जितकं खोल आहे तिथपर्यंतचं पाणी पंपातून मागे सम्पमध्ये येतं. तोंड १ इंच खोल ठेवलं तर एकूण दीडेक इंच उतरेल, म्हणजे २१ लिटर, अधिक ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाईपमधलं सात-आठ लिटर, एकूण २८-२९. सम्पमध्ये ते सव्वातीन इंच चढेल, ९ चं सव्वाबारा, काठ १६ वर, काही प्रश्न नाही. आता हेच तोंड कोणीतरी "खालून फ्लो चांगला मिळतो" म्हणून ५ इंच खोल लावलं, की ७१ लिटर परत येणार आणि जागा ६२ ची, उरलेलं हॉलमध्ये, आणि तुमच्या खाली कोणीतरी राहत असणारच.

याच्यावर उपाय म्हणून चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लावायला सांगतील. लावू नका असं नाही, पण त्याच्या भरवशावर हिशोब करू नका, कारण सॉल्टवॉटरमध्ये त्याच्या झडपेवर कॅल्शियमचा थर बसतो, एखादा बारका शंख अडकतो आणि तो पूर्ण बंद होत नाही. रिटर्नच्या पाईपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छोटं भोक पाडतात ते चालतं, पण तेही शेवाळाने बुजतं, टूथपिक घालून साफ करत राहावं लागतं. तोंड वर ठेवणं हा एकच उपाय असा आहे की जो बिघडूच शकत नाही.

उलटा हिशोब पण करा, हा बरेच जण विसरतात. समजा ओव्हरफ्लोचं तोंड तुंबलं, एखादा मेलेला मासा जाळीला चिकटला, आणि पंप मात्र चालूच आहे. तेव्हा रिटर्नच्या कप्प्यातलं जेवढं पाणी आहे तेवढं वर चढणार. म्हणून तो कप्पा बेताचा ठेवा: ८ × १५ इंच आणि ८ इंच पाणी, म्हणजे १५-१६ लिटर. ते सगळं वर गेलं तरी टँकमध्ये सव्वा इंच पण चढत नाही, आणि आपण वर दीड इंच सोडलाय. दोन्ही बाजूंनी पाणी घरातच, म्हणजे काचेतच राहतं. फक्त एटीओकडे लक्ष द्या, कारण त्या वेळेला एटीओला वाटणार की कप्पा रिकामा झालाय आणि तो गोडं पाणी ओततच राहणार, म्हणून एटीओचा कॅन १५-२० लिटरचाच ठेवा, आणि तो स्वतः ठराविक वेळाने बंद होणारा घ्या. थेट आरओच्या नळाला एटीओ जोडणारे पण बघितलेत मी, ते धाडस तुम्ही करू नका.

ओव्हरफ्लो. टँकवाल्याला काच चिकटवायच्या आधी भोकं पाडायला सांगा, आणि ज्या काचेला भोक पाडायचं ती टफन्ड नसली पाहिजे, टफन्ड काच ड्रिल लागताच चुरा होते. बाजारात जे काठावर लटकवायचे सायफन बॉक्स मिळतात त्यात हवा अडकून सायफन तुटला की लाईट आल्यावर पंप वर पाणी ढकलत राहतो आणि खाली काही येत नाही, म्हणून नवीन टँक बनवताय तर ते घेऊच नका. दोन ड्रेन ठेवा, दोन्ही १ इंची. एक पूर्ण पाण्याने भरून वाहणारा, त्यावर गेट व्हॉल्व्ह, आणि दुसरा त्याच्यापेक्षा इंचभर उंच, इमर्जन्सीसाठी, त्यावर व्हॉल्व्ह अजिबात नाही. याला हर्बी म्हणतात. पहिला गेट व्हॉल्व्हने असा ऍडजस्ट करायचा की पाणी दुसऱ्याच्या तोंडाच्या जरासं खाली थांबेल. आवाज जवळजवळ शून्य. एकाच पाईपचा ड्युर्सो पण चालतो, तासाला १२०० लिटरचा फ्लो १ इंचाच्या पाईपला जड नाही, पण तो गुळगुळ आवाज करतो आणि तुंबला की दुसरा मार्ग नाही, आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी टँक असेल तर त्या आवाजावरून घरात काय ऐकावं लागतं ते लग्न झालेल्यांना माहितीय.

पाईप साधे यूपीव्हीसी, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तेच. व्हॉल्व्ह प्लास्टिकचाच घ्या, पितळी नको म्हणजे नकोच, पितळेत तांबं असतं आणि खेकडे, कोळंब्या, शंख यांना तांबं विष आहे. प्रत्येक पंपाला आणि व्हॉल्व्हला युनियन (हाताने खोलता येणारा जोड) लावा म्हणजे साफ करायला पाईप कापावे लागणार नाहीत. स्टीलच्या क्लिपा खारट हवेत गंजतात, प्लास्टिकच्या बघा. पंपापासून पहिला फूटभर सिलिकॉनचा नरम पाईप ठेवला तर कंपनं कॅबिनेटला लागत नाहीत.

आता पंप, एवढं सगळं झाल्यावर. सम्पमधून तासाला टँकच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं की पुरे, म्हणजे तुम्हाला १००० ते १२०० लिटर, आणि ते वर प्रत्यक्ष पोचलेलं. डब्यावर जो आकडा छापलेला असतो तो शून्य उंचीवरचा, आणि शेजारी जी मॅक्स हेड लिहितात त्या उंचीला पंप एक थेंब देत नाही. तुमच्या सम्पच्या पाण्यापासून टँकच्या पाण्यापर्यंत साधारण एक-सव्वा मीटर, त्यात एल्बो आणि पाईपचं घर्षण धरून दीड-पावणेदोन मीटर समजा. ३००० लिटर आणि ३ मीटर हेडचा पंप तिथे अंदाजे निम्मं देईल, तेवढंच हवंय. शक्य असेल तर कंपनीचा ग्राफ बघा, अंदाजापेक्षा तो बरा. ५००० चा घेतलात तर अर्धा व्हॉल्व्ह बंद करून चालवावा लागेल, वीज जास्त, उष्णता जास्त, आणि सम्पमध्ये बुडबुडे इतके की टँक सोड्याच्या ग्लाससारखा दिसेल. मी डीसी पंप घ्यायला सांगेन, जेबाओ वगैरेचे आपल्याकडे मिळतात, स्पीड कमी-जास्त करता येतो, वीज कमी खातात आणि इन्व्हर्टरवर कुरकुरत नाहीत. एसी पंपाचा फ्लो कमी करायचा असेल तर व्हॉल्व्ह नेहमी बाहेर जाणाऱ्या बाजूला, आत येणाऱ्या बाजूला कधीच नाही. पाईप १ इंचीच ठेवा जरी पंपाचं तोंड पाऊण इंची असलं तरी, आणि एका ९० च्या एल्बोऐवजी जमेल तिथे ४५ चे दोन. लावून झालं की १० लिटरची बादली धरून मोजा, ३० सेकंदात भरली तर तासाला १२०० लिटर.

हा रिटर्न पंप टँकमधल्या प्रवाहासाठी नाही, हे नीट समजून घ्या, ५००० चा सल्ला बहुतेक तिथूनच येतो. टँकमधला प्रवाह वेव्हमेकरने (टँकच्या आत पाणी ढवळणारा छोटा पंप) करायचा. फक्त मासे असतील तर तासाला १०-२० पट पुरतो, म्हणजे तुमच्याकडे ३ ते ४ हजार लिटर, तो दोन छोट्या वेव्हमेकरमध्ये वाटा, दोन्ही बाजूंना, एक बंद पडला तर दुसरा असतो. एक पाण्याच्या वरच्या थराकडे तिरका ठेवा, पृष्ठभाग हलला पाहिजे कारण ऑक्सिजन तिथूनच येतो.

सम्पमध्ये तीन कप्पे पुरे. पहिल्यात ड्रेन, २०० मायक्रॉनचा सॉक (घाण गाळणारी कापडी पिशवी) आणि स्किमर, मधल्यात मोकळी जागा, तिसऱ्यात रिटर्न. पहिल्या कप्प्याची भिंत अशी की पाणी कायम ९ इंचालाच राहील (किंवा तुमच्या स्किमरच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तिथे, बहुतेकांना ७-९ इंच लागतं), कारण स्किमरच्या बाहेरची पातळी इंचभर हलली की फेसाची पातळी हलते, एक दिवस कप कोरडा, दुसऱ्या दिवशी ओसंडून वाहतोय. म्हणूनच सम्प बनवायला टाकायच्या आधी स्किमर ठरवा, नंतर नाही. स्किमर डब्यावरच्या आकड्यावर घेऊ नका, तिथे "६०० लिटरपर्यंत" लिहिलेलं असेल तर तो कमी माशांच्या टँकसाठीचा आशावाद असतो, माशांनी भरलेल्या ३०० लिटरला तो बरोबर बसतो. नवीन स्किमर सुरुवातीला एक-दोन आठवडे वेड्यासारखा वागतो, हात लावू नका. हात टँकमध्ये घातलात तर त्वचेच्या तेलाने काही तास फेसच येत नाही, तेही नॉर्मल आहे. सॉक मात्र दर तीन-चार दिवसांनी बदलायचा म्हणजे बदलायचाच, नाहीतर तो म्हणजे दुसरा कॅनिस्टरच झाला. मधल्या कप्प्यात सध्या काही टाकू नका, नायट्रेट वाढत राहिलं तर चेटो शेवाळ आणि एक लाईट, रात्री चालू ठेवायची, टँकची बंद असते तेव्हा, त्याने पीएच पण रात्री फार खाली येत नाही.

बाष्पीभवन फक्त रिटर्नच्या कप्प्यात दिसतं, बाकीच्या पातळ्या भिंतींमुळे तशाच राहतात. रोज पाच लिटर उडालं असं धरलं तर तुमच्या त्या ८ × १५ च्या कप्प्यात अडीच इंच खाली जाणार. दोन दिवस गावाला गेलात आणि एटीओ नसेल तर पंप हवा ओढायला लागतो. आणि वरून टाकायचं ते गोडं आरओ पाणी, मीठ उडून जात नाही.

लाईटीचं आता. गेली की माशांना सगळ्यात आधी लागतो ऑक्सिजन, म्हणून इन्व्हर्टरवर रिटर्न पंपाच्या आधी वेव्हमेकर टाका. १०-१५ वॅटचा एक वेव्हमेकर घरच्या १५० एएच बॅटरीवर दिवसभर आरामात चालतो, चिलर टाकलात तर तो काही तासांत बॅटरी पिऊन टाकेल. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसी पंप घरघर करतात आणि तापतात, साईन वेव्ह बघा. बॅटरीवरचा छोटा एअर पंप स्वस्त असतो, एक ठेवाच. आणि टँकच्या सगळ्या पॉइंटला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), सॉकेट सम्पच्या वर नाही तर बाजूच्या वेगळ्या कप्प्यात, प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली वाकून मग वर गेली पाहिजे म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता त्या वाकावरून खाली टपकतं. खारं पाणी आणि २३० व्होल्ट, इथे जुगाड नको.

पाणी २५ ते २७ अंशात राहिलं पाहिजे. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा मारला तर दोन-तीन अंश सहज उतरतात, ठाण्यात मे-जूनमध्ये हवाच इतकी दमट की पंखा फारसं काही करत नाही, म्हणून चिलरसाठी पैसे आणि जागा आत्ताच बाजूला ठेवा. तुमच्या पाण्याला १/१० ते १/६ एचपी. तो बंद कॅबिनेटमध्ये ठेवू नका, स्वतःचीच गरम हवा ओढत बसेल. चिलरमधून किती फ्लो जायला हवा ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, त्याला छोटा वेगळा पंप द्या, रिटर्नला जोडून फ्लो मारू नका.

पाण्याबद्दल एकच, घरचा पिण्याचा आरओ थेट वापरू नका. त्यात टीडीएस कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज असतं, म्हणजे काढलेले क्षार तो चवीसाठी परत घालतो. मेम्ब्रेनच्या लगेच पुढून पाणी काढून डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणारे दाणे) न्या, टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे. सुरुवातीला एकूण ३०० लिटरच्या आसपास पाणी, लिटरला ३५-३८ ग्रॅम मरीन सॉल्ट, म्हणजे ११ किलोच्या आसपास, वेगळ्या ड्रममध्ये पंप लावून दिवसभर घोळवा, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग. अलिबागहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणायचा विचार असेल तर सोडा, किनाऱ्याजवळचं पाणी सांडपाण्याचं आणि पावसाळ्यात अर्धं गोडं. आणि खडक बाजारात "नॅचरल कोरल रॉक" म्हणून दाखवला तर घेऊ नका, आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, सिरॅमिकचा किंवा मानवनिर्मित खडक घ्या, बॅक्टेरियाला काही फरक पडत नाही.

टँक, पाणी, खडक, स्टँड सगळं मिळून साडेचारशे-पाचशे किलोच्या घरात जाईल, म्हणून बीमच्या भिंतीला समांतर लावा, बाल्कनीच्या स्लॅबवर नाही.

मीठ घालायच्या आधी साध्या नळाच्या पाण्यावर दोन-तीन दिवस सगळं चालवा. सम्पवर चालू पातळीची रेघ मारा, मग मेन स्विच बंद करा, पाणी चढून थांबेल तिथे दुसरी रेघ. पुन्हा चालू करा, पुन्हा बंद, सात-आठ वेळा, दर वेळेला त्याच रेघेवर थांबलं पाहिजे, आणि चालू केल्यावर ड्रेन आपोआप सायफन पकडतोय का तेही बघा, गेट व्हॉल्व्हला हात न लावता. मग इमर्जन्सी ड्रेनची परीक्षा, मुख्य गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि दुसरा एकटा सगळा फ्लो घेतोय का बघा. शेवटी दोन्ही तोंडं हाताने झाकून पंप चालू ठेवा आणि टँक काठाच्या किती खाली थांबतो ते मोजा. यात कुठे घोळ निघाला तर ते पाणी काढून टाकायचा खर्च शून्य, ११ किलो मीठ घातल्यावर नाही. पंपाचं बिल मी याच्या आदल्या दिवशी करायला सांगेन, त्याआधी नाही, तोपर्यंत पाईप किती लांब झाला आणि एल्बो किती लागले ते तुम्हाला नक्की माहीत असेल.